मुलाची धडधड, हाताचा कंप आणि धुण्यात सापडलेला व्हेप: निकोटिन हृदयाचे आणि मज्जासंस्थेचे नेमके काय करते?

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि घरापासून लांब, वसतिगृहात राहून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तो घरी आला, तेव्हा पहिल्या दिवसापासूनच त्याचे काहीतरी बिनसले आहे हे मला जाणवत होते. ज्या खापरावरच्या मांड्यांची तो वर्षभर वाट पाहतो, त्यांतला एकही त्याला संपवता आला नाही. सकाळी चहा बशीत ओतून तो बशी उचलायचा, तेव्हा बशीतल्या चहावर सतत बारीक तरंग उठत असत, इतका त्याच्या बोटांना कंप होता. सासूबाईंनी त्याचा हात हातात घेऊन "तुले काय व्हयनं रे भाऊ?" असे विचारले, तेव्हा उन्हाचा त्रास आहे असे सांगून त्याने विषय टाळला. आमच्याकडे त्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसच्या वर होता, त्यामुळे आम्हालाही ते खरे वाटले.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास तो घामाघूम होऊन उठला आणि छातीत धडधडते आहे, श्वास पुरत नाही असे म्हणू लागला. आम्ही त्याला तसेच दवाखान्यात नेले. नाडी मिनिटाला ११८ आणि रक्तदाब १४६/९२ भरला. ईसीजीमध्ये ठोक्यांचा ताल बरोबर आहे, फक्त वेग जास्त आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी झाली, तीही ठीक आली. सगळे अहवाल चांगले असताना मुलाचा हात का थरथरतो, हे मात्र कळेना.

त्यानंतर धुण्याला टाकलेल्या त्याच्या जीन्सच्या खिशात मला जांभळ्या रंगाची, बोटभर लांबीची एक वस्तू सापडली. आधी मला तो पेनड्राइव्ह वाटला, पण तिच्या टोकाला आंब्याच्या गोळीसारखा गोड वास येत होता. विचारल्यावर त्याने लपवाछपवी केली नाही. दीड वर्षापासून तो व्हेप, म्हणजे ई-सिगारेट ओढतो, खोलीत अभ्यास करताना ते यंत्र हातातच असते आणि रात्री जाग आली तरी दोन झुरके घेतल्याशिवाय झोप लागत नाही, असे त्याने सांगितले. त्याचे म्हणणे असे की यात तंबाखू नाही, धूर नाही, नुसती फळाच्या वासाची वाफ आहे आणि सिगारेटपेक्षा हे कितीतरी बरे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मला औषधशास्त्रातले काही कळत नाही, म्हणून रागावण्याआधी नीट समजून घ्यावे असे ठरवले आहे. हे निकोटिन हृदयावर आणि मज्जातंतूंवर कसे काम करते, त्या रात्रीच्या त्रासाशी त्याचा संबंध असू शकतो का, झालेली हानी भरून येते का आणि त्याला यातून बाहेर कसे काढावे, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

दवाखान्यातून (जळगाव)

ताई, मी जळगावात बावीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आहे आणि गेल्या काही वर्षांत तुमच्या मुलासारखी मुले माझ्यासमोर वारंवार येऊन बसू लागली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहिले हे योग्यच केले, कारण धडधड, कंप, घाम आणि भूक मंदावणे यांमागे इतरही कारणे असतात आणि व्हेप सापडला म्हणून ती तपासायची राहून जाऊ नयेत. ती कारणे आता मागे पडली आहेत. तुम्ही सांगितलेले चित्र निकोटिनच्या अतिसेवनाशी पुष्कळ जुळते.

"यात तंबाखू नाही" हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, पण त्यातून तो काढतो तो निष्कर्ष खरा नाही. पान नसते, पण पानातले जे द्रव्य माणसाला बांधून ठेवते ते असतेच. ते बहुतेक वेळा तंबाखूतूनच काढलेले असते. हल्ली प्रयोगशाळेत तयार केलेलेही वापरतात, पण शरीराला त्यात फरक कळत नाही. बाहेर पडते ती पाण्याची वाफ नसते. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या द्रवांचे ते अतिसूक्ष्म थेंब असतात. आतली तार तापली की त्याच द्रवांपासून थोडेफार फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिनही तयार होते, आणि तारेतले निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे अंशही त्यात उतरतात.

आता निकोटिन आत जाऊन काय करते ते पाहू. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे द्रव्य निरोप्याचे काम करते. ते पुढच्या पेशीवरील ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या कुलपाला, किल्लीसारखे लागते आणि काम झाले की एक विकर (एन्झाइम) त्याचे निमिषार्धात तुकडे करते. निकोटिनची किल्ली त्याच कुलपाला लागते, पण त्या विकराला ती तोडता येत नाही, त्यामुळे निरोप संपत नाही. हे ग्राही आज 'निकोटिनिक' याच नावाने ओळखले जातात. १८८९ साली केंब्रिजमध्ये लँग्ली आणि डिकिन्सन यांनी प्राण्यांच्या मज्जातंतूंच्या गाठींवर कुंचल्याने निकोटिनचे द्रावण लावून पाहिले, तेव्हा त्या गाठींतून जाणारे निरोप बंद पडतात असे त्यांच्या लक्षात आले. कोणता तंतू कुठल्या गाठीत थांबून पुढे जातो, याचा नकाशा त्यांनी या पद्धतीने उलगडत नेला. आपण जाणीवपूर्वक चालवत नाही अशा हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी यांचा कारभार ज्या स्वायत्त मज्जासंस्थेकडे असतो, ती समजून घेण्याचे साधन म्हणून शास्त्रज्ञांनी जे द्रव्य वापरले, तेच ही मुले दिवसभर ओढत असतात.

जास्त मात्रेत त्या गाठी अशा बंद पडतात, पण झुरक्यातल्या थोड्या मात्रेत त्याच गाठींमधून निकोटिन अनुकंपी, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेला चेतवते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून अ‍ॅड्रेनलिन सोडवून घेते. शेतात पायाशी साप दिसल्यावर शरीरात जे होते तेच इथे होते, फक्त साप नसतो. नाडी मिनिटाला साधारण दहा ते पंधरा ठोक्यांनी वाढते, रक्तदाब चढतो, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून हात गार पडतात, बोटे थरथरतात आणि घाम येतो. हृदयाला जास्त काम पडल्यामुळे जास्त प्राणवायू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सैल व्हायच्या त्या आवळतात. तरुण हृदय हा ताण सोसून नेते, पण ज्याच्या वाहिन्यांत आधीच चरबीचे थर आहेत किंवा ज्याच्या हृदयाच्या विद्युत्‌ वहनात जन्मतः दोष आहे, त्याला हा ताण तालबिघाडापर्यंत नेऊ शकतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड स्रवते आणि त्यामुळे वाहिनी लवचीक राहते. व्हेप ओढल्यानंतर काही मिनिटांतच या अस्तराचे काम मंदावते आणि धमन्या ताठरतात, हे मोजून पाहिलेले आहे. हे दिवसातून एकदा होणे वेगळे आणि दर दहा मिनिटांनी होणे वेगळे.

मुद्दा इथेच आहे. सिगारेट संपते, ती विझवावी लागते आणि दुसरी पेटवायला उठून बाहेर जावे लागते. या यंत्राला असा शेवट नसतो. एका सिगारेटमधून शरीरात सुमारे १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन जाते. 'पाच टक्के' असे छापलेल्या द्रवात मात्र एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास निकोटिन असते. युरोपीय संघाने यासाठी २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, यावरून प्रमाणाची कल्पना यावी.

इतके तीव्र निकोटिन घशाला सोसते कसे, हा प्रश्न कोणालाही पडेल आणि त्याचे उत्तर आपल्या घरातल्या तंबाखूच्या डबीत आहे. आपल्याकडे तळहातावर तंबाखूला चुना लावून मळतात, कारण चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या अस्तरातून झटकन शोषले जाते. पण हेच मोकळे निकोटिन झुरक्यातून घेतले तर घशाला तिखट लागते आणि ठसका बसतो. व्हेपच्या द्रवात याच्या उलट करतात. बेन्झोइक आम्लासारखे आम्ल घालून निकोटिनचे लवण तयार करतात, त्यामुळे घसा खवखवत नाही आणि फुप्फुसात गेल्यावर शोषण व्हायचे ते होतेच. ठसका हा शरीराने नेमलेला राखणदार होता, त्याला या युक्तीने बाजूला सारले आहे. वर आंब्याचा वास दिला की सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपण किती घेतले हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

झुरक्यातून गेलेले निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि तिथे बरे वाटायला लावणारे डोपामिन सुटते. वारंवार मारा झाला की मेंदू त्या ग्राहींची संख्याच वाढवतो आणि मग ते रिकामे राहिले की बेचैनी, चिडचिड, लक्ष न लागणे सुरू होते. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. आठ तासांची सलग झोप झाली तर सोळावा हिस्सा उरतो, म्हणूनच त्याला रात्री जाग येते. मुलाला वाटते की व्हेपने झोप लागते. खरे पाहता ज्या बेचैनीने जाग आली ती व्हेपनेच निर्माण केलेली असते आणि पुढचा झुरका ती तेवढ्यापुरती शमवतो. निर्णय घेणारा, आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे या वयात लागलेले व्यसन चाळिशीत लागलेल्यापेक्षा खोल रुजते.

त्या रात्रीचा संबंध असू शकतो का, असे तुम्ही विचारले आहे. शक्यता दाट आहे. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात शरीरातले पाणी कमी झाले की नाडी तशीही वाढलेली असते, त्यात रात्री घेतलेले निकोटिन आणि कदाचित चहा-कॉफी किंवा डब्यातली एनर्जी ड्रिंक्स यांची भर पडली की ११८ सहज भरते. यापुढे छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, ठोके चुकल्यासारखे वाटणे किंवा झटका येणे यांपैकी काहीही झाले, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. झटक्यांचा उल्लेख मुद्दाम केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये, ई-सिगारेट ओढल्यानंतर झटके आल्याच्या ३५ नोंदी आपल्याकडे आल्याचे जाहीर केले होते. थेट कारण म्हणून ते सिद्ध झालेले नव्हते, पण निकोटिनच्या विषबाधेत झटके येतात हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

कापूस-केळी (चोपडा)

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या कुलूप-किल्लीच्या गोष्टीला शेतीची एक बाजू आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे आणि आयुष्यभर कपाशीवरच्या मावा, तुडतुडे आणि फुलकिडे यांच्याशी माझा संबंध आला. आमच्या वडिलांच्या पिढीत तंबाखूचा काढा करून माव्यावर फवारत असत आणि पुढे निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून बाजारात मिळू लागले. मावा त्याने मरत असे, कारण कीटकाच्या मज्जासंस्थेतही तेच ग्राही असतात. ते चेतले की कीटक आधी थरथरतो, मग लुळा पडतो. आज आपण कपाशीच्या बियाण्याला जे इमिडाक्लोप्रिड लावतो, ते याच कुटुंबातले आहे. या औषधांना नवनिकोटिनवर्गीय म्हणतात, आणि कीटकाच्या ग्राहीला ती घट्ट बसावीत व माणसाच्या ग्राहीला त्या मानाने सैल बसावीत, अशी त्यांची रचना केलेली आहे. निव्वळ निकोटिनमध्ये ही सवलत नाही. ते माणसाच्या ग्राहीलाही घट्ट बसते, आणि पिकावर मारण्यापुरतेही ते फार विषारी ठरल्यामुळे मागे पडले.

नोकरीत असताना गुजरातेतल्या तंबाखूच्या पट्ट्यात एकदा जाण्याचा योग आला होता. पहाटेच्या दवात ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना दुपारपर्यंत मळमळ, उलट्या, डोकेदुखी आणि अशक्तपणा येतो आणि ते तंबाखू तोंडात न घालताच होते, कारण ओल्या पानातले निकोटिन कातडीतून आत शिरते. आपल्याकडे नवख्या माणसाने तंबाखू खाल्ली की तो पांढरा पडतो, तोंडाला पाणी सुटते, घाम फुटतो आणि लोक हसून "तंबाखू लागली" म्हणतात. ती विषबाधेची पहिली पायरीच असते. मात्रा थोडी असताना नाडी धावते आणि मात्रा फार झाली की उलट ती मंदावते, ग्लानी येते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात, हे मी फवारणीच्या विषबाधेसंबंधीच्या प्रशिक्षणात शिकलो होतो आणि डॉक्टरसाहेबांनी लँग्लीची गोष्ट सांगितल्यावर त्याचा अर्थ आज नीट लागला.

ताई, म्हणून एक विनंती आहे. ती वस्तू फुटली किंवा गळली असेल, तर तो द्रव उघड्या हाताने पुसू नका. लागलाच तर साबणाने आणि भरपूर पाण्याने हात धुवा. घरात लहान नातवंडे येत-जात असतील तर आणखी जपा. आंब्याच्या वासाची जांभळी वस्तू दोन वर्षांच्या लेकराच्या तोंडात जायला क्षण लागत नाही.

सातपुडा (शहादा)

सर्वांचे वाचले, आदर आहे. तरीही माझा अनुभव वेगळा आहे आणि तो मांडणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. मी पंधरा वर्षे बिडी ओढली. रोजची दोन बंडले होती. जिना चढताना धाप लागायची, पहाटेचा खोकला तासभर चालायचा. दोन वर्षांपूर्वी भाच्याने परदेशातून व्हेप आणून दिला, तेव्हापासून बिडीला हात लावलेला नाही. खोकला गेला, जेवणाला चव आली, बायको-मुलांच्या अंगाला धुराचा वास येईनासा झाला. मला बिडी सोडवणारी ही एकच गोष्ट ठरली आणि तिला सरसकट विष म्हटले की माझ्यासारख्या माणसाने परत बिडीकडे जावे काय, असा प्रश्न पडतो. डॉक्टरांनी याचे उत्तर द्यावे.

दवाखान्यातून (जळगाव)

भाऊ, तुम्ही बिडीकडे परत जाऊ नये. हे मी आधी आणि ठळकपणे लिहितो. बिडीच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड रक्तात जातो, तो हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो आणि डांबरासारखा चिकटा फुप्फुसात बसतो. व्हेपमध्ये काही जळत नसल्यामुळे या दोन गोष्टी जवळजवळ टळतात. तुमचा खोकला गेला तो म्हणूनच, आणि बिडी पूर्णपणे सोडल्याचा लाभ तुम्हाला मिळाला आहे. ज्यांनी व्हेप घेतला आणि बिडीही चालू ठेवली, त्यांच्या पदरात हा लाभ पडत नाही.

मात्र तुमच्या नाडीवर, रक्तदाबावर आणि धमन्यांच्या अस्तरावर निकोटिनचा जो भार आहे, तो तुम्ही उतरवलेला नाही, फक्त त्याचे वाहन बदलले आहे. पंधरा वर्षे बिडी ओढलेल्या माणसाच्या हृदयवाहिन्या कोऱ्या नसतात, त्यामुळे तुम्ही रक्तदाब, साखर आणि चरबी तपासून घ्या आणि पुढचा टप्पा म्हणून निकोटिनही उतरवत न्या. तुमची आणि ताईंच्या मुलाची तुलना मात्र होऊ शकत नाही. तुम्ही मोठ्या हानीकडून लहान हानीकडे आलात. तो मुलगा कधी बिडी-सिगारेट ओढतच नव्हता, तो शून्याकडून हानीकडे गेला. "सिगारेटपेक्षा बरे" हे वाक्य ज्याच्या हातात सिगारेट होती त्यालाच लागू पडते.

आणखी एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठवण सोडून बाकीच्या बाबतीत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यामुळे पोराटोरांच्या हाती जे पोहोचते ते चोरट्या मार्गाने येते आणि त्यावर छापलेल्या टक्क्यांची कोणी तपासणी केलेली नसते. 'निकोटिनविरहित' असे लिहिलेल्या डबीतही काय आहे ते ओढणाऱ्याला समजत नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये २,८०७ जण फुप्फुसांच्या तीव्र आजाराने रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ जण दगावले, त्याचा संबंध प्रामुख्याने गांजातील अर्क असलेल्या द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी लागला. तो प्रकार हृदयाचा नव्हता आणि निकोटिनचाही नव्हता, म्हणून मी आधी लिहिला नाही. पण अनधिकृत मार्गाने आलेल्या द्रवात कोण काय मिसळेल याची शाश्वती नसते, एवढ्यासाठी इथे सांगतो.

भुसावळ जंक्शन

काकू, मी बावीस वर्षांचा आहे आणि व्हेप सोडून मला चौदा महिने झाले. तुमच्या मुलाच्या जागी मी होतो, म्हणून आतून कसे वाटते ते लिहितो. मलाही ती आंब्याचीच चव आवडायची. सुरुवातीला मित्राच्या हातातून दोन झुरके, मग स्वतःचे यंत्र, मग उशीखाली यंत्र, असा तो प्रवास होता. दुपारच्या प्रात्यक्षिकाला दीड तास बाहेर पडता येत नसे, तेव्हा माझे डोळे घड्याळावर असायचे आणि मोजपट्टीवरचे आकडे दिसूनही डोक्यात शिरत नसत. अभ्यासात लक्ष लागावे म्हणून मी व्हेप ओढतो, असे मी स्वतःला सांगत होतो आणि लक्ष उडण्याचे कारण तेच होते.

सोडताना मी परीक्षा संपल्यावरचा सोमवार निवडला. पहिला दिवस कसाबसा गेला. दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत अवघड गेले. डोके जड, घशाशी आलेला राग, आईने हाक मारली तरी ओरडावेसे वाटणे, आणि हात सतत खिशाकडे जाणे. रात्री झोप येईना म्हणून मी फलाटाकडच्या पुलावर जाऊन उभा राहायचो आणि गाड्या मोजायचो. तलफ आली की ती एखाद्या मालगाडीसारखी वाटते, संपणारच नाही असे वाटते, पण घड्याळ लावून पाहिले तर तीन ते पाच मिनिटांत ओसरायची. तेवढ्या वेळासाठी मी खिशात भाजलेल्या शेंगा ठेवायचो. तोंडाला आणि बोटांना दोन्हीला काम मिळायचे. दोन-तीन आठवड्यांनी चिडचिड गेली. भूक मात्र आधीच परत आली होती आणि मी दोन महिन्यांत चार किलोंनी वाढलो.

मला डॉक्टरांनी निकोटिनचे च्युइंगगम दिले होते, दोन मिलिग्रॅमचे. ते शेंगदाण्यासारखे चघळत राहायचे नसते. थोडे चावून जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे, चव ओसरली की पुन्हा चावायचे. मी सुरुवातीला भराभर चावले आणि उचकी व मळमळ यांनी हैराण झालो. यातही निकोटिनच आहे, मग फरक काय, असे मी विचारले होते, तेव्हा कळले की गालातून ते हळूहळू, अर्ध्या तासात चढते. झुरक्यासारखे दहा सेकंदांत डोक्यात आदळत नाही आणि त्या आदळण्यानेच व्यसन लागते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावरही मी फोन केला होता, त्याला पैसे पडत नाहीत. समोरच्या व्यक्तीने मला उपदेश केला नाही, दिवसातला पहिला झुरका उठल्यावर किती मिनिटांनी घेतोस, एवढेच आधी विचारले. मी म्हणालो, अंथरुणातच. तेव्हा मला स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू आले की मी काय बोलतो आहे.

माझ्या वडिलांनी पहिल्या दिवशी यंत्र हिसकावून आपटले होते. मी दुसऱ्या दिवशी दुसरे आणले. पुढे आईने रोज सकाळी माझी नाडी मोजायला सुरुवात केली, मनगटावर बोटे ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत. सोडण्याच्या आदल्या दिवशी ९४ होती. दहाव्या दिवशी ७८ आली. तो आकडा मला दिसला, त्याने मी थांबलो.

दवाखान्यातून (जळगाव)

भुसावळच्या मित्राने लिहिलेले प्रत्येक वाक्य मी माझ्या रुग्णांना वाचून दाखवणार आहे. त्यात दोनच गोष्टींची भर घालतो. निकोटिन थांबल्यावर विश्रांतीतली नाडी काही दिवसांत खाली येते, रक्तदाबावरचे चढउतार कमी होतात आणि वाढलेले ग्राही पुढच्या काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात; एकोणीस वर्षांच्या मुलाच्या धमन्यांना सावरण्याची भरपूर ताकद असते. दुसरे असे की च्युइंगगम, पट्टी किंवा गोळी यांपैकी काय द्यायचे आणि किती, हे दिवसाचे एकूण सेवन पाहून डॉक्टरांनी ठरवावे. पाच टक्क्यांचा द्रव दिवसभर ओढणाऱ्याला दोन मिलिग्रॅम अपुरे पडू शकतात आणि मग 'गमने काही होत नाही' म्हणून मुलगा परत यंत्राकडे वळतो.

बोरीकाठ (अमळनेर)

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याला तीन आठवड्यांनी उत्तर देते आहे, क्षमस्व. मी हे सगळे वाचले आणि नंतर माझा मोबाइल त्याच्यापुढे ठेवून स्वयंपाकघरात निघून गेले. तासाभराने तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला आणि त्याने फक्त एक प्रश्न विचारला: "आई, कपाशीच्या औषधाचे खरे आहे का?" त्याच्या आजोबांची सहा एकर कपाशी आहे आणि फवारणी झालेल्या शेतात दोन दिवस पाऊल टाकायचे नाही, हे तो लहानपणापासून ऐकत आला आहे. चोपड्याच्या दादांनी जे लिहिले ते त्याच्या मनाला लागले, माझ्या रडण्याने लागले नसते.

आम्ही त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. यंत्र आणि द्रव किती दिवस पुरतो हे त्याने खरे सांगितले, तेव्हा त्यांनी चार मिलिग्रॅमचे गम आणि दर पंधरवड्याने ते कसे कमी करायचे याचा तक्ता लिहून दिला. पहिला आठवडा घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. एका दुपारी त्याने पंख्याचे बटण इतक्या जोरात दाबले की ते आतच गेले, आणि नंतर तोच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते दुरुस्त करत बसला. वसतिगृहावर परतल्यावर नवव्या दिवशी एकदा घसरला, वसतिगृहातल्या मित्राच्या यंत्राचे चार झुरके घेतले आणि रात्री स्वतःच फोन करून सांगितले. मी फक्त गम जवळ आहे का, एवढे विचारले.

ते जांभळे यंत्र आम्ही कचऱ्यात टाकले नाही, त्यात बॅटरी असते असे त्यानेच सांगितले. पिशवीत बांधून मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे जुन्या बॅटऱ्यांबरोबर दिले. नाडीची वही मात्र सुरू केली आहे. तो तिकडून रोज सकाळी उठल्याबरोबर मोजतो आणि आकडा पाठवतो, सासूबाई तो कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितात. पहिल्या दिवशी ९८ होता, मधल्या घसरणीनंतर १०२ झाला, आज ८० आहे. पंधरवड्यानंतर रक्तदाब पुन्हा तपासायचा आहे, तेव्हा कळवीन.